पान एकशे बारा

पान एकशे बारावर मी अकरा दिवस अडले आहे.
शब्द एवढासाच: फोसा.
कोश म्हणतो खड्डा, खंदक, थडगं.
पुण्याचे संपादक फोनवर म्हणतात, "खड्डा नको हो,
वाचकाला महापालिका आठवते."

फेलिसा अर्बेलोआ, वय त्रेसष्ट.
मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्यात सव्वीस वर्षं हिशेब लिहिले.
पहिली कादंबरी पन्नाशीला टेकताना,
त्याच वह्यांत, आकड्यांच्या पाठीवर.
अजून तिची वाक्यं जमाखर्चासारखी येतात:
आजोबा, शाळामास्तर.
चष्मा, एक. पेन्सिल, अर्धी.
ऑगस्टातली एक रात्र.
बेरीज ती करत नाही. पान उलटते.

मी तिची भाषा शिकले बेचाळिसाव्या वर्षी,
दर शनिवारी सांगली ते पुणे,
पिशवीत भाकरी, मांडीवर क्रियापदं.
हरिपुरात बायका विचारायच्या, "तिकडं कोण हाय गं तुझं?"
कुणी नव्हतं.
आता आहे.

तिला लिहिलं: आमच्याकडे एक शब्द आहे, पेव.
नदीकाठच्या चिवट मातीत पोटभर खणलेलं,
तोंड माणूस उतरेल एवढं, आत खोलीएवढी जागा.
कडेनं पाला, मग हळद, मग वरून माती.
वर्ष वर्ष हळद अंधारात राहते
आणि रंगाला चढते.
काढायची झाली की आधी तोंड उघडून ठेवायचं, दिवसभर,
आतली हवा माणूस मारते.
मग दोराला कंदील बांधून खाली सोडायचा.
विझला तर कुणी उतरायचं नाही.

उत्तर आलं, तीन ओळी:
"सुंदर शब्द. माझ्या कामाचा नाही.
पेवात तुम्ही परत काढण्यासाठी ठेवता.
आणि त्या कंदिलाचा दोर कुणाच्या हातात असतो?"

तिच्या कादंबरीतही एक कंदील आहे.
त्या रात्री ट्रकपुढं वाट दाखवत चाललेला
गावातलाच, पाव भाजणारा.
तीनशे पानांत ती त्याचं नाव घेत नाही.
का, म्हणून विचारलं होतं मी मागं एकदा.
"त्याच्या नातीकडून मी अजून पाव घेते.
चांगला असतो."

दोराचं उत्तर मी दिलं नाही.

साल चौऱ्याऐंशी, पाऊस सरलेला.
वडील मुकादम. व्यापाऱ्याचा सौदा ठरलेला,
ट्रक उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय.
लखू केंगारनं कमरेला फडकं आवळत विचारलं,
"जळतोय न्हवं?"
वडील पेवाच्या तोंडावर वाकले.
म्हणाले, "जळतोय."
मी शेजारी, नऊ वर्षांची, हातात पाण्याचा तांब्या.
मीही वाकून पाहिलं होतं.

लखूचं काळीज आधीपासूनच कच्चं होतं
असं गावात ठरलं.
आमच्या घरी पुन्हा कंदील लागला नाही,
वीज गेली तर आम्ही तसेच बसायचो,
ताटातलं चाचपत.
यावर आमचं एवढंच बोलणं झालं.

पुढं महापुरात पेवं ढासळली.
हळद गावभर वाहिली, भिंतींवर कमरेएवढी पिवळी रेघ.
वडील त्या रेघेकडे पाठ करून बसायचे.
मग तेही गेले.

काल रात्री लिहून टाकलं: खड्डा.
संपादकांना म्हटलं, आठवू दे महापालिका.

आज कापड घेऊन छबूकडं गेले.
लखूची धाकटी. पंचवीस वर्षं माझे ब्लाऊज तीच शिवते,
बाहीला कधी चुणी पडत नाही.
"रातभर काय लिवत असतीस गं ताई?
आमच्या खिडकीतनं दिवा दिसतो तुझा."
मी म्हणाले, "छबू—"
तिच्या ओठांत दोन टाचण्या होत्या,
टेप गळ्यातून काढून तिनं सरळ केली.
"हात वर कर," म्हणाली.
मी केले.