खुर्च्यांचा हिशेब

पारोळ्याच्या चौकात वाहिनीची गाडी आली,
टपावर परात उताणी ठेवल्यासारखी छत्री.
माझ्या मंडपातून दोनशे खुर्च्या गेल्या, चार हॅलोजन,
आणि मागची गटार झाकायला एक भगवा-हिरवा पडदा.

विषय पाणी.
सुकलाल वॉल्व्हवाला इस्त्रीचा सदरा घालून आला,
खिशात वही : कोणत्या गल्लीला किती मिनिटं,
कुठला पाइप कधी फुटला, तारखांसकट.
कानात वायर खोचलेली पोरगी म्हणाली,
काका, आकडे नको. कुणावर तरी ओरडा ना.
त्याला ते जमेना.
तीस वर्षं माणूस पाइपला कान लावून ऐकत आलाय.

मग दोन प्रवक्ते उठले,
तासाभरापूर्वी माझ्याच टेम्पोआड
एका ताटात भरीत-पुरी खाल्लेले.
एकाने दुसऱ्याचा बाप काढला.
निवेदकाचा चेहरा असा उजळला,
जशी लाईट आली.
लोक खुर्च्यांवर चढले. कडाड्.

ब्रेकमध्ये वेणूबाई उभी राहिली :
"भाऊ, पानी कव्हय येई?"
माइक बंद होता. पडद्यामागे गटार वाहत होती.

रात्री मोजल्या. अकरा मोडक्या, सात गायब.
वाहिनीवाल्याने घासाघीस न करता पैसे दिले,
म्हणाला, तेवढं धरलेलं असतं.

सुकलाल मला खुर्च्या रचू लागला,
एकात एक, एकात एक.
अर्ध्यावरच घड्याळ बघून उठला,
लांब दांड्याची चावी खांद्यावर टाकली.
दोन वाजता कुंभारगल्लीची पाळी होती,
वीस मिनिटं.