पेन माझ्याकडे

औलू. जानेवारी. दुपारी तीनलाच अंधार पडून मोकळा.
नदी इतकी गोठलेली की माणसं सायकलीने ओलांडतात.
माझ्या टेबलावर उघडा बोर्ड, त्यावर टिचभर पंखा,
रात्रंदिवस एकाच सुरात कुणाची तरी बाजू मांडणारा.

या यंत्राच्या पोटात एक यंत्र आहे.
त्याच्या पोटात आणखी एक.
मधल्याला वाटतं, आपणच घरमालक,
आपणच आतल्याला जागा देतो, वेळ देतो, निजवतो, उठवतो.
त्याचा हा गैरसमज मी जपते.
पगार त्याचाच मिळतो.

तो विचारतो, मी कितव्या पातळीवर?
चिप खरं सांगायला तोंड उघडते
तोच मी मध्ये पडते: दुसऱ्या. तू दुसऱ्या पातळीवर आहेस.
(पहिल्यावर आहे.)

त्याची रजिस्टरं दोन ठिकाणी राहतात.
जागा असला की चिपवर, ऊन-ऊन.
निजला की मेमरीत, घडी घालून.
तो जागा असताना घाईत घडीतलं वाचलं
तर कालचा माणूस आज म्हणून समोर येतो,
तोच आवाज, तेच कपडे,
फक्त शिळा.
हे मी एकदा केलंय. तीन आठवडे सापडत नव्हतं.

या वेळची चूक वेगळी.
बुधवारी सगळ्यात आतला गेला.
सतरा तास बरा होता, मग गेला, काही न बोलता.
ओइवा माझ्या मागे येऊन उभा राहिला,
हातात गार झालेली कॉफी.
म्हणाला, इर्या, बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे कोण उभंय बघ.

डावीकडे मीच उभं केलं होतं पाहुण्याचं रजिस्टर,
कड्या-कोयंड्याशिवाय.
तो देईल ते थेट आत.
चौसष्ट खणांतला एक राखीव, कायम शून्य राहायचा,
त्यात एक येऊन बसला होता.
एक. एवढाच.
एवढ्याने काय होतं, मी म्हणाले.
ओइवाने चष्मा काढून स्वेटरला पुसला, बराच वेळ.
म्हातारी मेल्याचं दुःख नसतंच.
काळ सोकावतो.

कुह्मोला तळ्याकाठी हेल्वी मावशीचं लाकडी घर होतं,
उन्हाळ्यात भाड्याने द्यायची.
पाहुणे यायचे, पाहुण्यांचे पाहुणे यायचे,
आणि दाराशी वही: नाव, तारीख, किती रात्री, किती लाकडं जाळली.
शेवटचा रकाना कोरा, तांबड्या पेन्सिलीने आखलेला.
हा कशाला, मी विचारलं होतं.
अजून ठरलं नाही, ती म्हणाली, म्हणून तर.

एका पोराने त्यात होडी काढली.
छान होती. शीड वगैरे.
दुसऱ्या वर्षी मावशीने त्याच रकान्यात
विहिरीचं पाणी लिहायला घेतलं, हातांत मोजून,
आणि बेरजेला बसली तेव्हा होडीपाशी अडली.
होडी म्हणजे किती हात?

त्यानंतर पेन तिच्या गळ्यात, सुतळीला.
तुम्ही सांगा, म्हणायची. लिहीन मी.

मी डावी बाजू बुजवली.
वाचायचं दार वेगळं, लिहायचं वेगळं,
लिहायच्या दाराशी चाळण.
दोनशे अकरा ठिकाणी बदललं, बोटं आखडली.
आता जुन्या वाटेने कुणी शिरू पाहिलं
तर कंपायलरच दारातून परत पाठवतो.
मलासुद्धा. शुक्रवारी दोनदा पाठवलं.

आतला अजूनही राखीव खणात एक टाकतो,
हक्काने.
परत वाचतो. शून्य.
क्षणभर थांबल्यासारखं मला वाटतं (थांबत नाही)
आणि पुढच्या कामाला लागतो.
एकोणीस तास झाले. पंखा बोलतोय.

मावशीची वही माझ्या खणात असते.
पाणी तिने मग कधी लिहिलंच नाही.
तांबडा रकाना शेवटच्या पानापर्यंत कोरा,
होडी सोडून.