नुसता कमी दाबाचा पट्टा

तेरा देश मिळून यादी करतात म्हणे.
एकेकानं तेरा नावं द्यायची, आखूड, तोंडात बसतील अशी,
कुणाच्या देवाला, पुढाऱ्याला लागू नयेत अशी.
मग समुद्र उचलतो एकेक, रांगेनं.

गुलाब हे पाकिस्ताननं दिलेलं.
तहसीलचा डोणगावकर बाबू फोनवर म्हणाला,
"सुनंदाबाई, गुलाब यायलाय, पर्जन्यमापक पुसून ठेवा."
मी हसले. कोतवालकीच्या अकरा वर्षांत
गुलाब येतोय असं पहिल्यांदाच कुणी म्हणलं.

आला तो रात्री. पण गुलाब राहिला नव्हता.
वाटेतच वेग उतरला,
आणि वेग उतरला की नाव काढून घेतात.
"आता नुसता कमी दाबाचा पट्टा," बाबू म्हणाला.

नुसता.
त्या नुसत्यानं मांजरा खालच्या आळीत आणली,
पुलाचा कठडा नेला.
मापकाची बाटली भरून सांडली,
टॉर्च दातात धरून मी आकडा वाचला,
रिकामी केली, पुन्हा लावली.
शफीकभाईची म्हैस दाव्यालाच राहिली.

आमच्याकडं संकटाला नाव नसतं, साल असतं.
बहात्तर म्हणलं की सासूच्या तोंडात सुकडी येते,
त्र्याण्णव म्हणलं की माणसं
दगडी भिंतीपासून जरा सरकून बसतात.
ह्याला एकवीस मिळालं असतं,
पण एकवीस म्हणलं की लोकांना दुसरंच आठवतं.

तीन-चार दिवसांनी पुन्हा फोन.
"तुमच्यावरून गेलं ते अरबी समुद्रात उतरलं, परत उठलं.
आता शाहीन. कतारनं ठेवलेलं. म्हणजे ससाणा."
"तेच का?"
"तेच. नाव तेवढं नवं."

परळीहून निघाले तेव्हा मी सोजर होते.
इथं ताटात तांदूळ पसरलेले,
नवऱ्यानं अंगठीनं अक्षरं ओढली, सुनंदा झाले.
मधे एसटीत, अंबाजोगाईच्या घाटात,
कोण होते कुणास ठाऊक.
लई रडले होते तेवढ्या वाटेत.

पंचनाम्यात कारण: अतिवृष्टी.
जनावर: म्हैस, एक. वय: सहा.
"चंद्री लिव्हा की," शफीकभाई म्हणाला.
नावाला रकाना नव्हता.
समासात लिहिलं, पेन्सिलीनं,
तहसीलला खोडता येईल इतकं पुसट.