जाळ्याचं दुसरं टोक

नागपूरहून आणलेली घड्याळाची डबी
बाबांनी उघडली, उलटीपालटी केली,
खुंटीवरच्या पिशवीत टाकली.
"कायले आनलं बे? दिवस दिसते ना मले अजून."
मग फाटकं जाळं काढलं
आणि दुसरं टोक माझ्या हाती दिलं,
न विचारता.

तिसरीत होतो. डोंग्यात बसून
शिंगाडे तोडताना काटा रुतला तळहातात.
बाबांनी तो दातांनी काढला, पाण्यात थुंकला,
म्हणाले, "मोज, किती झाले?"
रडायचं विसरून
मी एकशे बारापर्यंत मोजले.

आता ते गाठ मारतात, मी ताण धरतो.
बोलणं असं काही नाही.
पवनीची शेवटची एसटी
तळ्याच्या पाळीवरून हॉर्न देत गेली.
बाबांनी मान वर केली नाही.
फक्त म्हणाले,
"ढिल्लं नको सोडू."