उगवण : चार टक्के

ऋषिपंचमीच्या आदल्या दिवशी मंडईच्या मागे
ती पोत्यावर बसलेली असते, वर्षातून एकदाच.
पुढ्यात गेल्या कार्तिकातला देवभात,
तांबूस, कुसळांसकट.
बायका विचारतात, बैल नाही ना लागला याला?
ती म्हणते, बैल कशाचा, पेरायला माणूसबी नाय लागला.
मापटं भरते. वर एक चिमूट, देवाची म्हणून.

मी आईसाठी पावशेर घेतला
आणि आईला न सांगता त्यातला मूठभर
प्रयोगशाळेत नेला.

शंभर दाणे. ओला टिपकागद. पंचवीस अंश. चौदा दिवस.
चार उगवले.
बाकीचे कुजले नाहीत, फुगले नाहीत.
चिरून औषधात ठेवले तर आतून लाल झाले,
म्हणजे जिवंत होते सगळे, नुसते गप्प.
वहीत मी लिहिलं : उगवण चार टक्के.
सरांनी शेजारी लाल पेनानं
प्रश्नचिन्ह काढलं.

पौडपर्यंत एसटी, पुढे वडाप, पुढे बांधावरून.
ठमीबाई हिलम तळ्याच्या काठी चिंबोऱ्या धरत होती.
तळं म्हणजे अर्धं. अर्ध्यावर मुरुम,
मुरुमावर पाटी : लेक व्ह्यू प्लॉट्स.

मी माझं अपयश सांगितलं.
"चार आले? मंग बेस हाय की."
"शहाण्णव नाही आले, ठमीबाई."
"ते फुडच्या सालचे."
तिनं चिंबोरीची नांगी मोडली.
"काय त्याच्याबी फुडचे. सगळेच येकदम उठले
आन आभाळानं दगा दिला,
तर मागं कोण ऱ्हाईल?"

प्रश्नचिन्हाचं उत्तर मला
इतक्या खेकड्यांच्या वासात मिळेल
असं वाटलं नव्हतं.

मग मी जात राहिले. तापमापक घेऊन, वही घेऊन.
ती म्हणाली, याचं लगीन सकाळीच उरकतं,
ऊन चढायच्या आत.
मी घड्याळ लावून बसले : साडेसातला फूल उघडलं,
नवाला मिटलं.
खालच्या खाचरातला इंद्रायणी तेव्हा कुठे जागा होत होता,
आणि अकराला, छत्तीस अंशांत,
त्याचा पराग वांझ होऊन पडत होता.
हे मी आलेखात काढलं.
आलेख तिला दाखवला तेव्हा ती म्हणाली, उलटा धरलाय का?
नव्हता धरला.

कापणी नाही. पहाटे, दंव असताना,
कुसळं भिजून एकमेकांना धरून असतात तेव्हा
सूप खाली धरायचं आणि काडीनं हळू टपटप.
उजाडल्यावर हात लावला की सगळा चिखलात.
तीन ठोंबांना तिनं गवताची गाठ मारली.
"ही तळ्याची. हात लावायचा नाय."
मला वाटलं होतं, नमुने पूर्ण घ्यावेत.
मी काही बोलले नाही.

फॉर्मवर एक रकाना असतो : देणाऱ्याचं नाव.
"देवाचा भात, माजं नाव कशाला?"
बराच वेळ गप्प. मग,
"लिव्ह. पर मागाय आलो तर परत द्यायचा,
त्येबी लिव्ह."
त्याला रकाना नव्हता.
मी समासात लिहिलं, तिचा अंगठा घेतला,
आणि सरांनी या वेळी
काही काढलं नाही.

आता पाकिटं उणे अठरा अंशांत आहेत, चांदीच्या कागदात.
वीज गेली की जनरेटर, जनरेटर गेला की मी.
तळ्यावर मुरुम आणखी दोन डंपर पुढे सरकलाय.
त्याआधी एका पहाटे ठमीबाईनं
तेलाच्या डब्यातून तिथला चिखल पाठवला,
वडापवाल्यानं जादा सीटचे पैसे घेतले.

तो चिखल मागच्या व्हरांड्यात, जुन्या टबात आहे.
कुणी त्यात काही पेरलं नाही.
पहिल्या वर्षी सात आले.
गेल्या वर्षी गारा झाल्या, सातही गेले,
त्याच महिन्यात मागून दोन.
आज सकाळी हात धुताना पाहिलं, एक.
कुणी बोलावलं नव्हतं.

वही उघडली. टक्केवारीचा रकाना
रिकामाच ठेवला.