डिस्क शंभर टक्के

मशीन बदलूया, धाकटे मालक म्हणाले,
म्हातारं झालंय.
मी म्हटलं, थांबा, आधी बघतो.
आमच्याकडं बायाही बघतो म्हणतात,
पुण्याहून येणाऱ्या ऑडिटरला
अजून त्याचं हसू आवरत नाही.

कंट्रोल, शिफ्ट, एस्केप.
एका डाव्या हातात मावणाऱ्या तीन कळा.
बाहेरून काही आणायला लागत नाही.
दुखण्याची वही त्याच्याच पोटात असते
खोक्यातून काढल्या दिवसापासून,
कुणी उघडत नाही इतकंच.

सीपीयू नऊ टक्के, म्हणजे डोकं रिकामं.
मेमरी निम्मी.
डिस्क शंभर.
काल शंभर, आजही शंभर.
आलेखात चढ नाही, उतार नाही,
नुसती हिरवी भिंत.
एक बिल उघडेपर्यंत
समोरच्या टपरीवरचा पोरगा चहा ठेवून जातो
आणि रिकामा ग्लास न्यायला परत येतो.

दारात दस्तगीर चाचा शिकलगार,
कोपरापर्यंत ग्रीस.
"काय बघालीस एवढं?"
"कोण खातंय ते."
हे त्यांना लगेच कळलं.
उभी हयात त्यांनी उद्यमनगरात तेच केलं,
ऑइल इंजिनाच्या अंगाला
लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवायचं,
मूठ कानाला,
आणि शेडभर खडखडाट चालू असताना
डोळे मिटून सांगायचं,
मेन बेअरिंग, चाकाकडचं.

"डोळं मिट की."
मिटले.
टेबलाखाली, पत्र्याच्या आत,
कुणीतरी सुपारी कातरत होतं
न थांबता.

डिस्कच्या रकान्यावर टिचकी मारली
तसा खाणारा तळातून वर आला.
नाव वाचून मी दोनदा चष्मा पुसला.
प्रिंटरचा मदतनीस.
आणि तो प्रिंटर
पुराच्या साली भंगारात गेलाय,
किलोवर,
गाड्यावर मीच उचलून दिलेला.
ह्याला कुणी सांगितलंच नाही.
मशीन चालू झालं की हा उठतो,
हाक मारतो, उत्तर नाही,
मग वहीत लिहितो, सापडला नाही.
तारीख, वेळ, सापडला नाही.
पुन्हा हाक.
वही एवढी फुगली होती
की आमच्या दहा वर्षांच्या बिलांना
तिच्या निम्मीही जागा लागली नव्हती.

त्याच यादीत, जरा खाली,
टास्क मॅनेजर स्वतः.
दीड टक्का.
बघणाराही खातो थोडं.

मालकांनी अजून एक यादी मागितली आहे,
माणसांची.
कोण किती काम करतं,
सोमवारच्या सुट्टीनंतर टेबलावर पाहिजे.
चाचांच्या नावापुढं दोन महिने काही नाही.
इंजिनाचं शेड बंद झालं,
तरी आठच्या ठोक्याला ते कुलूप काढतात,
आत जाऊन दिवा लावतात,
आणि मला माहीत नाही
आत काय करतात.

उजवी कळ. अक्षम करा.
केवढा शब्द आहे हा,
यंत्राला काही वाटत नाही म्हणून बरं.
बोट तिथंच ठेवून मी थोडा वेळ
खिडकीतून क्रेनचा हूक बघत राहिले.
मग दाबलं.

शंभर, बासष्ट, एकोणीस.
चार.
भिंत खचली, जमीन दिसली.
मी काही बोलले नाही.
चाचा माघारी वळले होते,
अंगण ओलांडून शेडपाशी पोचले होते.
कुलपात किल्ली तशीच धरून
मान वळवून म्हणाले,
"गेलं की गं आवाज."

मधे कटर चालू होता,
ट्रक मागं येत होता,
आणि माझं दार बंद होतं.

त्यांच्या रकान्यात मी लिहिलं, ऐकतात.
मालक विचारतील, म्हणजे किती टक्के?
विचारू देत.