रिक्त जागा : एक

यादी आज लागणार होती.
खिडकीतल्या बाई म्हणाल्या, उद्या.
काल म्हणाल्या होत्या, आज.
त्यांच्या उद्याला तारीख नसते,
नुसता एक पंखा असतो कागद उडवणारा
आणि कागदांवर ठेवलेलं कुलूप.

अर्ज तीन प्रतींत दिलाय.
राजापूरच्या कॉलेजचं ना हरकत,
इथल्या कॉलेजचं ना हरकत,
बाबांच्या डायलिसिसचा दाखला, साक्षांकित.
हरकत कुणाचीच नाही.
बदलीचं कारण, असा रकाना होता,
दीड ओळीची जागा.
मी लिहिलं, कौटुंबिक.

कोपरखैरण्याहून वाशीला
मंगळवार, गुरुवार, शनिवार
सुट्टी आहे तोवर बाबांना मी नेते.
तीस वर्षं कांद्याच्या गोण्या वाहिलेली पाठ
रिक्षाच्या सीटला नीट टेकत नाही.
नळीतून त्यांचं रक्त बाहेर येतं,
चार तास फिरतं
आणि परत आपल्या घरी जातं.
त्याला कुणाचं ना हरकत लागत नाही.
समोरच्या खुर्चीत मी, मोबाइल धरून.
माझ्याही पडद्यावर एक गोल फिरतोय.
कृपया प्रतीक्षा करा.

आई मसाला मार्केटात मिरच्या निवडते.
संध्याकाळी हात धुऊन, खोबरेल चोळून, पुन्हा धुऊन
मगच मोबाइल हातात घेते,
एका बोटानं पडदा खाली ओढते
मी शिकवलाय तसा.
लागली का गं?
नाही. डोळे चोळू नकोस.

चाळीतले शेडगेकाका म्हणाले,
माझ्या ओळखीचा एक आहे तिथे, फोन टाकू?
बाबा म्हणाले, नको.
गोणी आपली, पाठ आपली.
मग बराच वेळ कुणी बोललं नाही.
कुकरच्या शिट्ट्या झाल्या तीन.

रिक्त जागा : एक.
अर्ज : अकरा.
रात्री ती जागा मला दिसते,
भिंतीकडची, तिसऱ्या बाकावरची.
तिथे कुणीतरी वर्षभर बसत होतं.
गणितात राहिलं असेल, फी थकली असेल,
की त्याच्याही बापाचं काही दुखत असेल
आणि ते माझ्या उलट्या दिशेनं
घरी गेलं असेल?
त्याच्या जाण्यावर मी डोळे लावून बसलेय,
आणि त्याचं नावही मला माहीत नाही.

नाझनीनचा मेसेज आला हॉस्टेलवरून :
खिडकीकडची तुझी कॉट मी घेऊ ना गं?
घे, मी लिहिलं.
पुसलं.
थांब जरा, असं लिहिलं.

रकान्यात मावलं नाही ते इथे सांगते.
तिथे कॉलेजच्या मागे कातळाचा सडा आहे.
गणपतीच्या सुमारास तो निळा होतो
बोटभर उंचीच्या फुलांनी.
सीतेची आसवं, नाझनीननंच नाव सांगितलं.
तिथे मला कुणी हाक मारत नाही.
पहिल्या सेमिस्टरला त्या शांततेपायी मी रडले,
दुसऱ्यात तिच्यात बसून अभ्यास केला,
नऊ पॉइंट एक पडले.
त्या नऊ पॉइंट एकच्या जोरावरच
आता तिथून निघायचा अर्ज केलाय.

आई दिवा लावून म्हणते,
पोरीचं नाव लागू दे.
मी हात जोडते
आणि तिच्या वाक्याच्या मागे जाऊन उभी राहते.
माझं वेगळं वाक्य
मी अजून पूर्ण होऊ दिलेलं नाही.

आज गुरुवार.
मशीनच्या आवाजाखालून,
डोळे मिटलेलेच ठेवून बाबा म्हणाले,
नाही लागलं नाव, तरी चालेल बरं का.
फुलं कुठल्या महिन्यात म्हणालीस?

मी कधी म्हणाले होते?
झोपेत असतील समजून
एकदा त्यांना फोटो दाखवले होते, एवढंच.

गोल फिरत होता.
नर्स आली, चादर त्यांच्या पायांवर ओढली,
म्हणाली, हात हलवू नका.
आम्ही दोघांनीही हलवला नाही.